नऊवरून एकतीस

गाद्यांच्या कारखानदाराचा फोन दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी यायचा, आणि छोटी तो कानापासून चार बोटं लांब धरूनच घ्यायची. या मंगळवारीही तसंच झालं. त्याच्या वेबसाइटचा अथॉरिटी स्कोअर चव्वेचाळीसवरून बेचाळीसवर आला होता. गेल्या महिन्यात गाद्या आधीपेक्षा जास्त खपल्या हे बोलण्याच्या ओघात त्यानेच सांगितलं, पण दोन गुण उतरले म्हणून त्याचं रक्त आटलं होतं. कुठे गेले ते दोन गुण, असं तो पुन्हा पुन्हा विचारत होता, जसं काही छोटीने ते पर्समध्ये घालून घरी नेले होते.

छोटी हे तिचं घरचं नाव. सेहेचाळीस वर्षांची, केस रंगवायचा कंटाळा करणारी, एक मजला चढायचा तरी लिफ्टची वाट बघणारी बाई. हिला छोटी म्हणणं तसं हास्यास्पदच, पण वडील आणि थोरला भाऊ अजून तिला तेच म्हणत होते. ऑफिसात तिला आकडेबाई म्हणायचे. दोन्ही नावांना ती सारखीच ओ द्यायची, आणि अलीकडे दोन्ही वेळा सारख्याच थकल्या आवाजात.

तिच्या ऑफिसचं काम म्हणजे लोकांच्या वेबसाइट सर्च इंजिनमध्ये वर आणून देणं. कुणी काही शोधलं की आपलं नाव पहिल्या पानावर दिसावं अशी प्रत्येक दुकानदाराची इच्छा असते, आणि पहिल्या पानावर जागा असते दहाजणांना. उरलेल्या हजारोंची समजूत काढायला असली ऑफिसं असतात. समजूत काढायचं हत्यार म्हणजे तो स्कोअर. एका वेबसाइटने दुसरीची लिंक दिली, म्हणजे तिने जाणाऱ्या-येणाऱ्याला बोट करून 'तिकडे जा' म्हणून सांगितलं. अशी बोटं किती, आणि दाखवणारे किती वजनदार, यावरून एक तिसरीच कंपनी शंभरपैकी गुण देते. सर्च इंजिनचा त्या कंपनीशी काडीचा संबंध नाही. तेही लिंका बघतं, पण आपल्या पद्धतीने, आणि त्याबरोबर आणखी कितीतरी गोष्टी बघतं. या बाहेरच्या आकड्याकडे ते ढुंकूनही पाहत नाही.

हे छोटीला ठाऊक होतं, तिच्या साहेबांना ठाऊक होतं, जेवणाच्या सुट्टीत सगळे मिळून त्यावर हसायचे. पण गिऱ्हाइकाला दहा गोष्टी ऐकायला वेळ नसतो, त्याला एक आकडा लागतो. म्हणून अहवालाच्या पहिल्या पानावर तोच आकडा तळहाताएवढा छापलेला असायचा, वर हिरवा नाहीतर लाल बाण. लोकांनी खरोखर काय शोधलं आणि ते कुठल्या पानावर आले, ही सर्च इंजिनची स्वतःची यादी शेवटून दुसऱ्या पानावर बारीक अक्षरात असायची. ती कुणी वाचत नसे. साहेबांनी एकदा सांगून टाकलं होतं की ती यादी लोक वाचायला लागले तर आपल्याला रोज समजावत बसावं लागेल.

गादीवाल्याला तिने शांतपणे सांगितलं की त्या कंपनीने मोजण्याची पद्धत बदलली आहे, पुढच्या महिन्यात भरून निघेल. हे वाक्य ती अठरा वर्षं सांगत होती. फोन ठेवून तिने कपाळ दोन्ही हातांनी दाबलं.

तेवढ्यात टपालवाल्या बाई आल्या. ऑफिसचं टपाल त्याच आणायच्या, गेली सात वर्षं. त्यांचा डावा पाय उजव्यापेक्षा दीड बोट आखूड होता, पण चालण्यावरून कुणाच्या लक्षात येत नसे, कारण त्यांचे बूट छोटीच्या वडिलांनी केलेले होते. दिवसाला आठ-नऊ तास त्या बुटांवर त्या गावभर फिरायच्या. एरवी सही घेतली की जायच्या. आज त्या टेबलापाशी घुटमळल्या.

"ताई, एक बोलू का? बाबांची तब्येत बरी आहे ना?"

छोटीने मान वर केली. बाबांना काय झालं?

बाई सांगायला लागल्या. पंधरा दिवसांपूर्वी बाबा त्यांच्या घरी आले होते. आधी फोन नाही, निरोप नाही, दारात उभे. आत येऊन म्हणाले, जरा बूट घालून चालून दाखवा. त्यांनी व्हरांड्यात तीन फेऱ्या मारून दाखवल्या. बाबा डोळे मिटून पावलांचा आवाज ऐकत होते, ते नेहमीच ऐकतात. मग म्हणाले, काय टोचतं ते स्पष्ट सांगा. बाई म्हणाल्या, काही टोचत नाही. बाबा म्हणाले, लोक माझ्या वयाकडे बघून बोलत नाहीत, तुम्ही तरी खरं बोला. असं चार-पाच वेळा झालं. ते जायलाच तयार नाहीत.

"शेवटी मी म्हटलं, टाचेपाशी थोडंसं घासतं. घासत नाही हो ताई काहीच. पण ते उठेनात, मला ड्युटीवर जायचं होतं. त्यांनी वहीत लिहून घेतलं आणि मला नमस्कार केला. तेव्हापासून मला चुकल्यासारखं होतंय."

ते सगळ्यांकडेच जात आहेत, असंही बाई म्हणाल्या. त्यांच्या ओळखीच्या तिघांकडे जाऊन आले. बसने जातात, बसने येतात. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस.

बाई गेल्या. आपल्या बापाला असं दारोदार कशासाठी फिरावं लागतंय, याचं उत्तर तिच्या मनात त्याच क्षणी आलं होतं. ते तिने झटकून टाकलं. अर्धा तास एका दंतवैद्याचा अहवाल करत बसली. अहवालात तिने त्याला गादीवाल्याचे गुण देऊन टाकले, तेव्हा मात्र तिने हात टेकले आणि खुर्चीला पाठ लावली.

झालं होतं ते असं. छोटीचे वडील अशा लोकांचे बूट करायचे ज्यांचे दोन पाय एकसारखे नसतात. कुणाचा एक सात नंबर तर दुसरा नऊ, कुणाची बोटं काढलेली, कुणाचं पाऊल आत वळलेलं. असं गिऱ्हाईक गल्लीत सापडत नाही, ते लांबून शोधत येतं. आई गेल्यावर दुपारचा वेळ खायला उठायला लागला, तेव्हा त्यांनी भाच्याकडून एक साधी वेबसाइट करून घेतली आणि एका बोटाने टाइप करत एकेका पायाबद्दल लिहायला सुरुवात केली. एका पायाला एक पान. माणसाचं नाव नाही, फक्त पाय. 'डावा पाय दीड बोट आखूड, उंची बाहेरून दिसू द्यायची नाही.' 'अंगठा काढलेला आहे, पुढे कापूस भरला तर सरकतो, त्यावर उपाय.' 'मुलगी आठ वर्षांची, शाळेत बुटांवरून चिडवतात.' पुढे काय अडचण होती, पहिल्यांदा काय चुकलं, दुसऱ्यांदा काय केलं. पाच वर्षांत अशी एकशे त्रेसष्ट पानं झाली. त्या पानांना जगातल्या एकाही वेबसाइटने लिंक दिलेली नव्हती. कोण देणार? अंगठ्याच्या कापसाकडे कोण बोट दाखवणार?

दादाचं, म्हणजे छोटीच्या भावाचं, म्हणणं गेल्या वर्षीपासून होतं की आता हे पुरे. तो दुसऱ्या शहरात राहायचा. वडील एकदा दुकानाच्या पायरीवरून पडले होते, तेव्हापासून त्याचा जीव टांगणीला लागलेला. दुकानाच्या जागेचा करार या वर्षाअखेर संपत होता. दादा म्हणाला, महिन्याला दहा नवीन गिऱ्हाइकं येत असतील तर करार पुढे चालू ठेवू, नाहीतर बाबा माझ्याकडे येतील. महिन्याला सात-आठ येत होती. बाबांनी छोटीकडे पाहिलं. आणि छोटीने, जिला ऑफिसात कुणी चहाला विचारल्याशिवाय तोंड उघडायची सवय नव्हती, तिने त्या दिवशी मोठ्या तोऱ्यात सांगितलं की माझा हाच धंदा आहे, तीन महिन्यांत सात-आठचे वीस करून दाखवते.

तिने वडिलांच्या वेबसाइटचा स्कोअर काढला. नऊ. तिला लाजच वाटली. सुट्टीचे सगळे दिवस तिने त्यात घातले. बुटांवर एक लांबलचक, देखणं पान तयार केलं. ओळखीपाळखीने, विनवण्या करून, आरोग्याच्या आणि व्यापाऱ्यांच्या पाच-पंचवीस वेबसाइटवरून त्याला लिंका मिळवल्या. मग त्या कंपनीच्या यंत्राने तिला एक लाल यादी दाखवली. कमकुवत पानं, एकशे त्रेसष्ट. यांना लिंक नाही, यांच्यामुळे तुमचं वजन विखुरतं, काढून टाका. ऑफिसात ती शंभरदा हेच करायची. वाण्याच्या वेबसाइटवरची जुनी पानं काढताना हात कापत नाही, तसा इथेही कापला नाही. एक प्रत स्वतःच्या संगणकावर ठेवली, आणि एकशे त्रेसष्ट पाय एका दुपारी उडवले. उरलं ते एकच देखणं पान. दोन महिन्यांत स्कोअर नऊवरून एकतीसवर गेला. तिने तो आलेख छापून नेला, बाबांनी तो शिलाई मशीनच्या वर भिंतीला चिकटवला आणि आल्या-गेल्याला दाखवला. मुलीने केलंय, म्हणून.

फोन मात्र कमी होत गेले. आधी पाच, मग तीन, मग महिन्यात एक. छोटीला दर आठवड्याला वाटायचं की वेळ लागतो. गिऱ्हाइकांना ती हेच सांगत आली होती, आणि अठरा वर्षं एक गोष्ट सांगत राहिलं की ती सांगणाऱ्यालाही खरी वाटायला लागते. ती दर सोमवारी स्कोअर बघायची. तो वर जात होता. ती शेवटून दुसऱ्या पानावरची यादी तिने वडिलांसाठी एकदाही उघडली नव्हती.

आता तिने ती उघडली.

डाव्या बाजूला लोकांनी शोधलेले शब्द होते. 'एक पाय लहान एक मोठा बूट कुठे मिळतील.' 'पायाची बोटं काढल्यावर कोणते बूट घालावेत.' 'मुलीला शाळेत लंगडी म्हणतात.' हे शेवटचं वाचून तिने नजर दुसरीकडे वळवली. बाबांनी लिहिलं होतं तसंच लोक शोधत होते, जवळजवळ शब्दाला शब्द. त्या गोष्टी जगात दुसऱ्या कुणी लिहिल्याच नव्हत्या, म्हणून लिंक नसली तरी सर्च इंजिन बाबांचं पान पहिलं दाखवायचं. स्पर्धाच नव्हती, तिथे वजन कशाला लागतंय? उजव्या बाजूला किती लोक आले त्याचा आलेख होता. तिने पानं उडवली त्या तारखेपर्यंत एक रेघ बऱ्यापैकी आडवी चालली होती, तिथून ती उतरत जमिनीला टेकली होती. आणि नुसत्या 'बूट' या शब्दासाठी, ज्यासाठी एवढा खटाटोप केला, त्यासाठी एकतीस गुणांची ही वेबसाइट नवव्या पानावरून पाचव्या पानावर आली होती. पाचव्या पानावर कोण जातं हे छोटीला चांगलं माहीत होतं. तिच्यासारखेच लोक जातात, पगार मिळतो म्हणून.

तिने साहेबांना सांगितलं की डोकं दुखतंय, जाते. साहेबांनी दंतवैद्याच्या अहवालाचं विचारलं. ती म्हणाली, उद्या. एवढ्या वर्षांत तिने साहेबांना 'उद्या' हा शब्द पहिल्यांदा ऐकवला असावा.

बसमध्ये तिने दादाचा निरोप वाचला. तो सकाळीच आला होता, गादीवाल्याच्या नादात राहून गेला होता. बाबांनी काल स्वतःहून दादाला फोन करून दुकान सोडतो असं कळवलं होतं. शुक्रवारी जागेचा मालक कागद घेऊन येणार होता. खाली दादाने लिहिलं होतं की बाबा स्वतःच तयार झाले हे बरं झालं, तूही आता त्यांना उगाच भरीला घालू नकोस.

दुकान म्हणजे एक लांबट खोली. दारापासून मागच्या भिंतीपर्यंत फरशीचा एक पट्टा मोकळा ठेवलेला, गिऱ्हाइकाला अनवाणी चालायला लावायचं म्हणून. दोन्ही भिंतींना लाकडी पावलं टांगलेली, प्रत्येक गिऱ्हाइकाची जोडी वेगळी, दोरीला चिठ्ठी बांधलेली. चामड्याचा आणि सरसाचा तो वास नाकात गेला की छोटीला आपण शाळेतून घरी आलो असं वाटायचं. बाबा बाकावर बसले होते. समोर एक जुना बूट उलटा ठेवला होता आणि ते त्याच्या टाचेचं अस्तर सोडवत होते.

ते म्हणाले, आज लवकर कशी. ती म्हणाली, अशीच. ते म्हणाले, बस, चहा ठेवतो. ती म्हणाली, नको, तुम्ही बसा. तिने स्वतःच चहा ठेवला, आणि तो उकळेपर्यंत काही न बोलण्याची सोय झाली.

चहा घेताना बाबांनी वही काढून दाखवली. सदतीस घरं झाली होती. प्रत्येकापुढे तक्रार लिहिलेली. टाच घासते. शिवण टोचते. थोडा जड वाटतो. पुढे दाबतो. लिहिताना अक्षर नेहमीसारखं सुबक होतं, चूक लिहितानाही त्यांनी घाई केली नव्हती.

"एवढ्या लोकांना त्रास होत होता आणि मला कुणी बोललं नाही," बाबा म्हणाले. "आपसांत बोलत असतील. नवीन माणूस येईल कसा मग? तू तर सगळं केलंस, तुझा आकडा एकतीसवर गेला. माल चांगला नसेल तर आकडा बिचारा काय करणार. हात गेला माझा, छोटे. मला कळलं नाही एवढंच."

एवढ्या शांतपणे ते हे म्हणाले की छोटीला रडूही येईना. तिला वाटलं, गप्प बसावं. शुक्रवारी कागद होतील, बाबा दादाकडे जातील, वहिनी चांगली आहे, वेळेवर जेवण, पडायची भीती नाही. कुणाला काही कळणार नाही. घरात अजूनही तीच हुशार राहील. हा विचार तिच्या मनात आला आणि चांगला मिनिटभर बसून राहिला, हे लपवण्यात अर्थ नाही.

मग तिने कप खाली ठेवला आणि सांगितलं.

तिने सगळं सांगितलं, आणि सोपं करून सांगितलं नाही. तो आकडा सर्च इंजिनचा नसतो हे सांगितलं. हे आपल्याला आधीपासून माहीत होतं हेही सांगितलं. तुमची पानं मी काढली, तुम्हाला म्हटलं होतं की नीट लावून ठेवलीत, पण काढली. लोक त्याच पानांवरून यायचे. ते अजून शोधत आहेत, रोज शोधत आहेत, आणि त्यांना काही सापडत नाहीये. तिने फोनवर ती यादी काढून त्यांच्यासमोर धरली. बाबांनी चष्मा वर केला आणि एकेक ओळ बोट ठेवून वाचली. वाचायला त्यांना बराच वेळ लागला. बाहेर कुणीतरी स्कूटर सुरू करायचा प्रयत्न करत होतं, ती काही केल्या होत नव्हती.

"ही बोटं काढलेल्याची," बाबा एका ओळीवर थांबून म्हणाले, "हे कधीचं?"

"परवाचं."

"परवा कुणीतरी हे शोधत होतं?"

"सहाजण शोधत होते, बाबा."

त्यांनी फोन खाली ठेवला. हातातल्या बुटाकडे पाहिलं, सोडवलेल्या अस्तराकडे पाहिलं. अंगठा आत घालून टाचेवरून फिरवला, एकदा, दोनदा.

"म्हणजे बूट घासत नव्हते?"

"नाही हो. तुम्ही ऐकेनात म्हणून लोक काहीतरी सांगत होते. टपालवाल्या बाईंनी आज मला स्वतः सांगितलं."

बाबा हसले. गेल्या पाच महिन्यांत ती त्यांना हसताना पहिल्यांदा बघत होती, आणि ते बघणं तिला रागावण्यापेक्षा जड गेलं. त्यांनी तिला एका शब्दानेही दोष दिला नाही. ओरडले असते तर तिला मान खाली घालून बसता आलं असतं. ते फक्त अस्तर परत जागेवर दाबून बसवायला लागले, आणि बसवता बसवता म्हणाले, "दादाला हे काही सांगू नकोस."

तिने विचारलं, का?

"तो तुला बोलेल. तुझ्या नोकरीवरून बोलेल, सगळ्यांसमोर बोलेल, पुढची दहा वर्षं बोलेल. माहीत आहे ना तो कसा आहे. मला कळलं, माझं काम झालं. त्याला गिऱ्हाईक कमी झालं एवढंच माहीत आहे, तेवढंच असू दे. माझा हात गेला असं त्याला वाटलं तर वाटू दे. या वयात सगळ्यांचाच जातो."

छोटीने पाहिलं की ते मनापासून बोलत आहेत. पाच महिने जी गोष्ट त्यांना आतून खात होती, ती सुटून अजून पाच मिनिटं झाली नव्हती, आणि ते ती परत अंगावर घ्यायला तयार झाले होते. तिच्यासाठी. अठरा वर्षं ती लोकांना हिरवे बाण दाखवत आली होती. स्वतःचं कुठे चुकलं हे एकदाही पहिल्या पानावर छापायची वेळ तिच्यावर आली नव्हती.

तिने दादाला फोन लावला. बाबा हाताने नको नको म्हणत होते. तिने फोन बाकावर, दोघांच्या मध्ये ठेवला आणि आवाज मोठा केला. दादा घाईत होता, म्हणाला, मीटिंग आहे, शुक्रवारचं ठरलंय ना, मग आता काय.

"दादा, बाबांचा हात गेलेला नाही," ती म्हणाली. "त्यांचे बूट उत्तम आहेत. दुकान मी बुडवलं."

तिने त्यालाही सगळं सांगितलं. मघाशी बाबांना सांगताना ती दोन-तीन ठिकाणी अडखळली होती, ते आता सलग सांगितलं.   मग दादा बोलला, आणि बाबांनी सांगितलं होतं तसंच बोलला. एवढी मोठी नोकरी आणि एवढंही कळलं नाही? घरच्या माणसाच्या पोटावर पाय दिलास. तिने मध्ये तोंड घातलं नाही. त्याचं बोलून झालं. त्यालाही आठवलं असावं की काल संध्याकाळी बाबांनी त्याला फोनवर काय सांगितलं होतं, आणि आपण लगेच हो म्हणून मोकळे झालो होतो.

"ती पानं आहेत का अजून?" त्याने विचारलं.

"आहेत. आजच परत लावते."

"मग किती दिवसांत होईल पहिल्यासारखं? शुक्रवारी त्या माणसाला मी काय सांगू?"

हा प्रश्न छोटीला पाठ होता. याचं उत्तरही पाठ होतं. तीन महिने म्हणायचं, आवाज खणखणीत ठेवायचा. ते शब्द तिच्या जिभेच्या टोकाशी आलेही.

"मला माहीत नाही," ती म्हणाली. "सर्च इंजिन ती पानं परत घेईल, पण पूर्वीसारखी वर घेईल का, कधी घेईल, मला खरंच माहीत नाही. कुणालाच माहीत नसतं, दादा. जे सांगतात ते असंच सांगतात."

 छोटी फोनकडे बघत राहिली. तिच्या डोळ्यांतून आता पाणी यायला लागलं होतं आणि ते पुसायचंही तिच्या जिवावर आलं होतं.

बाबांनी हातातला बूट बाजूला ठेवला. ते फोनवर वाकले आणि, कमी ऐकू येणाऱ्या माणसाशी बोलावं तसं, एकेक शब्द सुटा करून म्हणाले, "शुक्रवारी त्या माणसाला येऊ नको म्हणून सांग. मी वाट बघेन. वाट बघायचं मला काही वाटत नाही रे. लोक आहेत एवढं कळलं म्हणजे झालं."